माझ्या यादीतले चार देश आता नकाशावरच नाहीत

टिपकागद

सांगलीचं घर रिकामं करून द्यायचंय, दिवाळीच्या आत. गेले तीन शनिवार-रविवार तेच चाललंय. माळ्यावरून पितळी डबे निघाले, वातीचे तीन स्टोव्ह निघाले, भावाची तडा गेलेली बॅट निघाली आणि लोखंडी ट्रंकेत सगळ्यात तळाला माझा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम. अल्बम म्हणजे आपलं म्हणायचं, खरी ती हिशेबाची लांब वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. उजव्या पानावर तिकिटं आणि डाव्या पानावर त्या देशाबद्दल जे काय कळलं असेल ते, राजधानी, चलन, आणि "येथे गहू व लोखंड मुबलक आहे" असली भूगोलाच्या पुस्तकातली वाक्यं.

बाबा पंपांच्या कारखान्यात एक्स्पोर्टच्या खात्यात क्लार्क होते. डिस्पॅचवाल्या काकांशी संधान बांधून परदेशी पाकिटांचे कोपरे फाडून घ्यायचे आणि जेवणाच्या डब्यात, रिकाम्या झालेल्या वरच्या पुडात ठेवून घरी आणायचे. त्यांनी सायकल स्टँडला लावली की मी आधी डबा उघडणार, बाबांना पाणीबिणी नंतर. मग कोमट पाण्याची ताटली, कोपरे पाण्यात तरंगत ठेवायचे, तिकीट आपोआप सुटून वर येईपर्यंत अजिबात ओढायचं नाही, आणि टिपकागदावर पालथं वाळवायचं (आयडी इथून आला). त्या डब्यापायी माझ्या हंगेरीच्या एका तिकिटावर, निळं आहे, पुलाचं चित्र आहे, बरोब्बर पुलाखालच्या पाण्यात लोणच्याच्या तेलाचा डाग आहे. चाळीसेक वर्षं झाली, डाग तसाच. वास गेलाय, हुंगून बघितला, हसू नका.

तर वहीच्या शेवटच्या पानावर यादी सापडली. २५ डिसेंबर १९८३, मी सहावीत, नाताळची सुट्टी. मथळा: "मोठी झाल्यावर मी या देशांना जाणार म्हणजे जाणार." खाली दहा नावं, बहुतेक तिकिटावर जशी छापलेली तशीच उतरवलेली, कारण ती कुठल्या देशाची हे सगळ्यांचं माहीत नव्हतंच. हेल्व्हेटिया, मग्यार, सीसीसीपी, डीडीआर, चेकोस्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड, युगोस्लाव्हिया, सुओमी, मनामा, निप्पॉन.

आता हिशेब बघा. हेल्व्हेटिया आणि स्वित्झर्लंड एकच, हे मला आठवीत कळलं, म्हणजे एक डबल. डीडीआर, म्हणजे पूर्व जर्मनी, १९९० मध्ये विलीन, सीसीसीपी, म्हणजे सोव्हिएत संघ, १९९१ मध्ये फुटला, युगोस्लाव्हियाचे तुकडे व्हायला त्याच सुमाराला सुरुवात झाली आणि १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियाचे रीतसर दोन. मी तेव्हा बँकेत प्रोबेशनवर, रोज कॅश टॅली करत बसलेली. म्हणजे माझ्या हातात पहिला पगार टिकायला लागला तोवर चार देश संपले पण होते!

बँकेत बत्तीसेक वर्षं काढली, क्लार्कपासून शाखाधिकारीपर्यंत, आणि मागच्या वर्षी व्हीआरएस घेतली. या काळात महत्त्वाकांक्षा नव्हती असं नाही, भरपूर होती, प्रमोशनच्या परीक्षेला पहाटे चारला उठून बसायचे, एकदा लिस्टमधून नाव गळलं तर आठ दिवस जेवण गेलं नव्हतं. पण त्या यादीत नोकरीचा न पण नाही हो. अकरा वर्षांच्या मुलीला काय व्हायचं होतं ते कुठेच लिहिलेलं नाही, फक्त कुठे कुठे जायचं होतं तेवढंच.

गेले मी एकदाच. २०१६ मध्ये ग्रुप टूर, आठ देश, सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर. स्वित्झर्लंडमध्ये एका स्टेशनवर बायकांची टॉयलेटसाठी रांग होती, तिथे पैसे टाकल्याशिवाय दार उघडत नाही, म्हणून कॉफी घेऊन सुट्टे केले. हातात अर्ध्या फ्रँकचं नाणं आलं, चिमुकलं, त्यावर भाला-ढाल घेतलेली बाई आणि अक्षरं, हेल्व्हेटिया. मला एकदम डबाच आठवला. मागची बाई म्हणतेय अहो सरका पुढे, आणि मी नाणं धरून उभी. शेवटी ते टाकलंच नाही, शेजारणीकडून सुट्टे उसने घेतले. बाकी त्या आख्ख्या टूरमधलं मला खरं म्हणजे फारसं काही आठवत नाही, फ्रीजवर मॅग्नेट आहेत म्हणून कळतं कुठे कुठे गेलो ते.

तेव्हापासून डोक्यात आहे की लहानपणी फिरता येत नव्हतं म्हणून तिकिटं चिकटवली, आणि मोठेपणी फिरायला मिळालं तर तेही चिकटवतच सुटलो की काय आपण. तुमच्या होत्या का अशा याद्या? काय गोळा करायचात? पुढे काय झालं त्याचं?

आणि हो, राहिलंच. यादीच्या खाली पेन्सिलीने, बाबांच्या अक्षरात, एक ओळ आहे. कधी लिहिली मला माहीत नाही, मी आत्ता पहिल्यांदा वाचली. "आधी कन्याकुमारी बघू."

कन्याकुमारीही राहिलीच. बाबा २००४ ला गेले.

खारेदाणे

शेवटच्या ओळीला डोळे भरले. फोटो टाका ना त्या पानाचा. आणि डागवाल्या तिकिटाचा पण.

एकआणा

ताई, मनामाचं कोडं सोडवतो, तुम्ही यादीत ठेवलंय पण हिशेबात धरलं नाहीत. ते बहारीनची राजधानी मनामा नव्हे. अजमान म्हणून जी छोटी अमिरात आहे तिचा आत डोंगराकडे एक तुकडा आहे, त्या गावाचं नाव मनामा. साठच्या दशकात आखातातल्या या शेखांनी परदेशी एजंटांना तिकिटं छापायचे हक्क दिले आणि त्या लोकांनी ढिगाने छापली, अवकाशवीर, ऑलिम्पिक, मांजरं, फुलपाखरं, युरोपातली पेंटिंग, काय वाट्टेल ते. अजमान, शारजा, फुजैरा, उम अल कुवेन, सगळ्यांची. त्यातली बहुतेक कुठल्या पत्राला लागलीच नाहीत, थेट पोरांच्या अल्बमसाठीच छापलेली. २ डिसेंबर १९७१ ला यूएई झाली आणि पुढच्या वर्षी हा धंदा बंद पडला, पण माल आपल्याकडे शाळेबाहेरच्या गाड्यांवर चिंचाबोरांशेजारी पंधरा वर्षं विकला जात होता. चार आण्याला पाच.

तेव्हा एक डबल, चार बुडाले, एक कधी देशच नव्हता. उरले चार. हेल्व्हेटिया झालं. राहिले हंगेरी, फिनलंड, जपान. तीनच तर आहेत, जमेल की!

दुसरं, तुमच्या डीडीआर, हंगेरी वगैरेंमध्ये काही तिकिटं अशी असतील बघा की कोपऱ्यात शिक्का एकदम टापटीप आणि मागे गोंद मात्र शाबूत. ती पत्रावरून आलेली नाहीत, ती छापखान्यातच शिक्के मारून संग्राहकांना गठ्ठ्याने विकलेली. त्या देशांना डॉलर-पाउंड हवे होते. आणि डीडीआरचा सेट कधीच पूर्ण व्हायचा नाही, आठवतंय? पाच आहेत, सहावं कुठेच मिळत नाही? ते मुद्दाम. सेटमधलं एक मूल्य जाणूनबुजून कमी छापायचे. आम्ही गल्लीतली पोरं एकमेकांवर चोरीचा आळ घेत होतो.

टिपकागद

एकआणा, अहो काय सांगताय! मागे गोंद असलेली आहेत, आत्ता उठून बघितली. ती बाबांची नाहीत, ती मी दुकानातून पाकिटात घेतलेली. बाबांच्या सगळ्यांची पाठ कोरडी आहे.

आणि मनामाच्या डाव्या पानावर मी "येथे मांजरे आढळतात" असं लिहिलंय.

फुकटसल्ला

सगळं ठीक, पण याचा उपयोग काय झाला शेवटी? आज विकायला काढलंत तर किती येतील? माझ्या मावसभावाने असेच तीन अल्बम भरले, आता बायको विचारते हे कुठे ठेवायचं. कलेक्शन म्हणजे घरात धूळ, बाकी काही नाही. आणि फिरायचं म्हणाल तर यूट्यूबवर सगळं दिसतं.

एकआणा

किंमत सांगतो, मनावर घेऊ नका. शिक्के मारून विकलेल्या तिकिटांचं आज किलोवर वजन करून घेतात. ताईंच्या वहीतलं विकायला गेलं तर सहकुटुंब मिसळ होईल, ताक घेतलं नाहीत तर.

पण उपयोगाचं म्हणाल तर मला सातवीत माहीत होतं की ब्रिटनच्या तिकिटावर देशाचं नाव नसतं. कारण पहिलं तिकीटच त्यांचं, १८४० चं, तेव्हा दुसऱ्या कोणाचं नव्हतंच तर नाव कशाला घाला, आणि पुढे तेच चालू ठेवलं, राजाराणीचं डोकं असतं तेवढं पुरे. आमच्या मास्तरांना माहीत नव्हतं. तो वर्गातला क्षण मी अजून जपून ठेवलाय, त्याची पण किंमत काढा.

पिंपळपान

फुकटसल्ला, पुण्यात या आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयात दोन तास घालवा, मग बोलू. चष्म्याचं दुकान असलेला, अज्ञातवासी नावाने कविता करणारा माणूस, आणि लोकांच्या घरातून काय गोळा करत होता तर अडकित्ते, समया, दौती, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या. म्हणजे लोक जे मोडीत काढायचे ते. वीसेक हजार वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव देऊन सगळं सरकारला देऊन टाकलं. त्यांच्याही घरात धूळ झाली असणार, पण तो अडकित्त्यांचा विभाग बघताना मला तरी धूळ दिसली नाही. (आमच्या आजीचा अडकित्ता मोडीत गेला, त्याच्या वजनाची वाटी आली. वाटी पण हरवली.)

मी स्वतः नाणी जमवतो, जमवायचो. बुधवार-रविवार जुना बाजार ठरलेला. कॉलेजात असताना एक शिवराई मिळाली, तांब्याची, एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्र पति", अक्षरं झिजलेली पण बोट फिरवलं की लागायची. वर छान काळपट-हिरवट पापुद्रा होता. घरी आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि परीक्षेला गेलो. आलो तर आईने देवांच्या भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून घासून लख्ख केलेली. इतकी कौतुकाने दाखवली हो तिने, बघ कशी सोन्यासारखी केली म्हणून. मी म्हणलं छान झाली. आता नाणेवाल्यांच्या दृष्टीने ती बाद, पापुद्रा गेला की गेलं. पण आहे माझ्याकडे, बाकीची विकली, ती नाही विकली.

गडबडगुंडा

पिंपळपान, आमच्याकडे याच्या वरताण. माझ्या दिरांनी प्रेमापोटी माझी सगळी तिकिटं लॅमिनेट करून आणली. लॅमिनेट!! एका ए-फोर शीटमध्ये चोवीस. वाढदिवसाला. वर थर्माकोलची फ्रेम. सासूबाई हॉलमध्ये लावा म्हणत होत्या.

टिपकागदताई, त्या वहीचं आता काय करणार? सांगलीचं घर म्हणजे पूर आलेला असणार ना एकदोनदा, वही वाचली कशी? तिकिटांना ओल लागली की तपकिरी ठिपके पडतात, ते मग जात नाहीत. वही आडवी ठेवून वर ओझं ठेवू नका, उभी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका कपाटात, पावसाळ्यात उघडू नका. आणि सेलोटेपला तर हात सुद्धा लावू नका. दिरांनाही लावू देऊ नका.

टिपकागद

गडबडगुंडा, माळ्यावर होती म्हणून वाचली. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं, बाबांचं कपाट गेलं, त्यांच्या डायऱ्या गेल्या. म्हणजे त्यांच्या अक्षरातलं आता फार काही उरलेलं नाही. ही वही मी शेवटच्या पानामुळे धरून बसलेय, तिकिटं राहू देत.

लॅमिनेशनचं वाचून आई इतकी हसली की ठसका लागला.

शॉर्टवेव्ह

मी ७१ सालचा, म्हणजे तुमच्याच वयाचा. गाव मिरजेजवळ. आमच्याकडे तिकिटं नव्हती, रेडिओ होता. रात्री दहानंतर गच्चीवर तारेचा एरियल टाकून २५ मीटर, ३१ मीटर बँडवर काटा केसाएवढा केसाएवढा सरकवत बसायचं. रेडिओ मॉस्को, रेडिओ बुडापेस्ट, प्राग, पूर्व बर्लिन. ऐकू आलं की तारीख, वेळ, आवाज कसा, खरखर किती, हे पाच आकड्यांच्या कोडमध्ये लिहून त्या स्टेशनला पाठवायचं, मग ते खातरजमा केल्याचं एक सुंदर पोस्टकार्ड पाठवायचे, त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. माझ्याकडे तेहेतीस देशांची होती. घरचं पोस्टकार्ड पंधरा पैशांना आणि माझं एअरमेलचं पाकीट त्याच्या कितीतरी पट, वडील म्हणायचे एवढ्यात आठवड्याची भाजी येते.

१९९० च्या सप्टेंबरात पूर्व बर्लिनला रिपोर्ट पाठवला. २ ऑक्टोबरच्या रात्री ते स्टेशन बंद झालं, देशासकट. मी म्हणलं गेले पाकिटाचे पैसे. नोव्हेंबरात कार्ड आलं! कोणीतरी बाईमाणसाची सही, खाली पेनाने "धन्यवाद" जर्मनमध्ये. नोकरी गेलेली, देश गेलेला, आणि टेबलावर राहिलेल्या पत्रांना उत्तरं देऊन मग खुर्ची सोडली असणार त्या बाईंनी, असं मी आपलं धरून चाललोय. पुरावा काही नाही.

त्या तेहेतीसमधल्या एकाही देशात मी गेलो नाही. दुबईला गेलो, तीन वर्षं होतो, एसीच्या कामावर. दुबईचं कार्ड माझ्याकडे नव्हतं, हा विनोद.

उत्तरध्रुवी

सुओमीमधून नमस्कार! टांपेरेत राहते, अकरा वर्षं झाली. टिपकागद, इथल्या तिकिटांवर दोन नावं असतात, सुओमी फिनिशमध्ये आणि फिनलंड स्वीडिशमध्ये. दोन्ही राजभाषा.

माझं तुमच्या उलट झालं. मला करियरच करायचं होतं, देशाबिशाचं काही नव्हतं, ऑफर आली आणि आले, नकाशात नंतर बघितलं. आणि आता स्वप्नातली ट्रीप कुठली म्हणाल तर चिपळूणहून गुहागरची एसटी, खिडकीची जागा, शृंगारतळीला वडापाव. इथे माझ्या ड्रॉवरमध्ये एसटीची जुनी तिकिटं आहेत, ती रंगीत पातळ कागदाची, कंडक्टर ट्रेमधून फाडून पंचाने टकटक करून भोक पाडायचा ती. आजोळी जाताना पुस्तकात खूण म्हणून घातलेली, तशीच पुस्तकांबरोबर इकडे आली. आता तुम्हा लोकांना मशिनची चिठ्ठी मिळते, तिच्यावरची शाई महिन्याभरात उडते, ती कसली ठेवणार. नवऱ्याने (फिनिश आहे) विचारलं या भोकांचा अर्थ काय, तर मला नीट सांगता पण येईना, एवढंच म्हणलं की एवढ्या भोकात आजी होती.

नोव्हेंबरात येऊ नका. जूनमध्ये या, रात्री अकराला उन्हात बसून कॉफी पाजते.

सह्यधार

आमचं कलेक्शन किल्ल्यांचं. पूर्वी आम्ही चारपाच जण नुसते भटकायचो, आकडा कोणी ठेवत नव्हतं. मग कोणीतरी शंभर झाले म्हणून केक कापला आणि घोटाळा झाला, तेव्हापासून सगळे मोजायला लागले. मी पण. मागच्या वर्षी, जुलै २०२५ ला, युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले वारसा यादीत घेतले, त्यातले अकरा इकडे आणि बारावा जिंजी तमिळनाडूत. माझे अकरा आधीच झालेले, त्यामुळे जिंजीपायी झोप उडाली. आठवड्याची रजा काढून गेलो. तीन डोंगर आहेत, त्यातला राजगिरी चढायला घेतला, भर उन्हात, घाईत, कारण संध्याकाळची ट्रेन. वर पोचून फोटो काढला आणि बाराचा आकडा पोस्ट केला, दोनशे लाईक.

आणि उतरताना लक्षात आलं की ज्या जागी राजाराम महाराज मोगलांच्या वेढ्यात इतकी वर्षं टिकून राहिले तिथे मी दीड तास होतो, त्यातली वीस मिनिटं नेटवर्क शोधण्यात. ताई, तुमचं ते "चिकटवतच सुटलो" वाचून पटलं. बाकीचे दोन डोंगर बघायला परत जाणारे, या वेळी कोणाला सांगणार नाही. म्हणजे आत्ता सांगितलं, पण ते सोडा.

खारेदाणे

सह्यधार :D

माझी लेक आठवीत आहे, ती पोस्टक्रॉसिंग करते. २००५ मध्ये पोर्तुगालमधल्या एकाने सुरू केलेली साईट आहे, तुम्ही कुठल्यातरी अनोळखी माणसाला पोस्टकार्ड पाठवायचं, मग दुसराच कोणीतरी अनोळखी तुम्हाला पाठवतो. आमच्या पोस्टमनकाकांना आता तैवान आणि बेलारूस पाठ झालंय. पोस्टखात्याची सहावी ते नववीच्या मुलांना तिकीटसंग्रहासाठी स्पर्श नावाची स्कॉलरशिप पण आहे, वर्षाला सहा हजार रुपये, त्याची परीक्षा असते, कोणाची मुलं त्या वयाची असतील तर पोस्टात विचारा. आम्ही दिली, नाही मिळाली, पण त्यापायी तिने १८५२ च्या सिंध डाकपासून सगळं वाचून काढलं.

मागच्या उन्हाळ्यात स्पितीला गेलो ते पण तिच्या हट्टापायी. हिक्कीम म्हणून गाव आहे, चौदा हजार फुटांच्या वर, तिथे पोस्ट ऑफिस. मी तर धापा टाकत होते, ही बाई तिथे बसून स्वतःलाच कार्ड लिहितेय. काय लिहिलंस विचारलं तर दाखवलं नाही. ते कार्ड आमच्या मागून बऱ्याच दिवसांनी घरी आलं. लिहिलं होतं, "आईला उलटी झाली."

एकआणा

खारेदाणे, जपून ठेवा ते कार्ड, हे म्युझियममध्ये जाणार.

यावरून फाइनमन आठवले, रिचर्ड फाइनमन, १९६५ चे फिजिक्सचे नोबेलवाले. त्यांच्याकडे लहानपणी तन्नू तुवा नावाच्या देशाची तिकिटं होती, त्रिकोणी, चौकट आकाराची. मंगोलियाच्या डोक्यावरचा चिमुकला देश, १९४४ मध्ये सोव्हिएत संघाने गिळला. ती तिकिटंही मॉस्कोत छापलेली, संग्राहकांसाठी. एकावर उंट आणि आगगाडीची शर्यत आहे, आणि देशात आगगाडी नव्हती! तर १९७७ मध्ये जेवताना विषय निघाला की त्या तन्नू तुवाचं पुढे काय झालं, नकाशात शोधलं, राजधानी किझिल. इंग्रजीत त्या नावात ए-ई-आय-ओ-यूपैकी एकही अक्षर नाही, एवढ्या कारणासाठी ठरवलं की इथे जायचंच. अकरा वर्षं खटपट. नोबेलवाला म्हणून सांगितलं असतं तर सोव्हिएतवाल्यांनी भाषणाला बोलावून गालिचा घातला असता, पण तसं नको होतं, साधा माणूस म्हणून जायचं होतं. १५ फेब्रुवारी १९८८ ला ते कॅन्सरने गेले. परवानगीचं पत्र त्यानंतर आलं.

पुढे त्यांची मुलगी जाऊन आली.

फुकटसल्ला

हे माहीत नव्हतं. वाचतोय.

(मावसभावाचे अल्बम मी मागून घेतले तर चालतील का विचारलं. तो म्हणाला आत्ता का? काय सांगणार.)

दुनाकाठ

उशिरा आले धाग्यावर. बुडापेस्टला सहा वर्षं होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. टिपकागद, पहिली गोष्ट, मग्यार नाही हो, मॉद्यॉर. मी पण पहिले दोन महिने मग्यार मग्यार करत होते आणि लोक सभ्यपणे ऐकून घेत होते. आणि शहर बुडापेश्ट, त्यांच्यात एस म्हणजे श.

दुसरी, तुमच्या तिकिटावरच्या पुलाच्या टोकाला सिंह आहेत का बघा, दगडी, बसलेले. असले तर तो साखळीचा पूल, सेचेनी, १८४९ चा, बुडा आणि पेश्टला जोडणारा. मी रोज त्यावरून ट्रामच्या स्टॉपला जायचे. आणि गरम पाण्याची कुंडं आहेत शहरभर, हौदच्या हौद, हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि म्हातारे गळ्यापर्यंत पाण्यात बसून बुद्धिबळ खेळतायत. आपली वज्रेश्वरीच, फक्त हे लोक तिकीट लावतात.

टिपकागद

भिंग घेऊन बघितलं. सिंह आहे! एकच दिसतो, दुसऱ्या टोकाला शिक्का बसलाय.

तर आता सांगते. धागा टाकला तेव्हा मनात पक्कं केलं होतं की आधी कन्याकुमारी. आईला घेऊन जायचं, बाबांची ओळ पुरी करायची, मग बाकीचं. आई ७८ ची आहे, गुडघे सोडले तर ठणठणीत. काल रात्री तिला वहीतली ती ओळ दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "हे त्यांनी पैसे नव्हते म्हणून लिहिलं. तुला कन्याकुमारीचं काय पडलंय, ते त्यांना स्वतःला पण नव्हतं पडलेलं." मग म्हणाली, ते पाकिटांचे कोपरे फाडायचे ते आधी स्वतः बघत बसायचे जेवायच्या सुट्टीत, म्हणून तर डब्यात राहायचे आणि तेल लागायचं, मी किती वेळा म्हणलं वेगळी पिशवी न्या. मला हे चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी समजत होते माझ्यासाठी आणतात.

आज सकाळी चहा घेताना आई म्हणते, त्या तुझ्या मैत्रिणीने गरम पाण्याच्या हौदांचं लिहिलंय ना, तिथं जाऊ. कन्याकुमारीला नुसता समुद्र.

आता गंमत अशी की आईचा पासपोर्ट नाही. आधारच्या वेळी तिचे ठसे उमटत नव्हते, जन्मभर भांडी आणि भाकऱ्या, बोटं गुळगुळीत झालीत. शेंगेनला, म्हणजे युरोपच्या व्हिसाला, पण ठसे द्यावे लागतातच म्हणे. कोणाच्या आईवडलांना असा प्रॉब्लेम आला होता का, काय केलंत? कोणीतरी ग्लिसरीन लावून न्या म्हणलं, खरं आहे का?

आणि दुनाकाठ, एप्रिलमध्ये थंडी किती असते? आई साडीच नेसणार, आत लोकरीचा परकर शिवायला टाकलाय. आणि त्या हौदात साडी नेसून उतरू देतात का हे ती मला सकाळपासून चार वेळा विचारायला सांगतेय.

दुनाकाठ

साडी नाही चालणार, स्विमिंग कॉस्च्युम लागतो. पण बुडत्याला काडीचा आधार, पूर्ण अंगभर मिळतात आपल्याकडे आता, बाह्या आणि पाय झाकणारे, सासूबाईंसाठी मी ठाण्यातून मागवला होता. त्या आधी नको नको म्हणाल्या आणि मग अडीच तास बाहेर येईनात. एप्रिल बरा, दुपारी ऊन, संध्याकाळी स्वेटर. गुडघ्यांचं म्हणाल तर आत उतरायला पायऱ्या आणि कठडे आहेत, पण ओल्या फरशीवर रबरी चप्पल हवीच, इथून घेऊन जा, तिथे महाग.

ठशांचं मला माहीत नाही, पण आमच्या आत्यांनी आठ दिवस रात्री खोबरेल लावून हातमोजे घातले होते.

गडबडगुंडा

खोबरेल लावाल ते लावा, वहीपासून लांब.